गुंठ्याचा भाव आणि गावाची मिळकत

(पुण्याच्या वेशीवरच्या गावांविषयी झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मुळशी तालुक्याची दोन टोकं एकमेकांना ओळखत नाहीत. पूर्वेला हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट. पश्चिमेला ताम्हिणी घाट, धरणाचं पाणी आणि भातखाचरं. एका टोकाला संध्याकाळी सहाला गाड्यांची रांग हलत नाही, दुसऱ्या टोकाला एसटी चुकली की माणूस घरी परत फिरतो. मला बोलायचंय ते मधल्या पट्ट्याबद्दल, जिथं वळणावळणावर ‘एनए प्लॉट’ची, म्हणजे बिगरशेती भूखंडाची पाटी आहे. घरं विकली गेली, रोजगार वाढला, तिथं विकास झाला असं सगळेच म्हणतात. जमिनीचा पैसा मात्र एकदाच येतो, आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या घरांचा खर्च दरसाल येत राहतो. हा हिशेब आपण मांडतच नाही.

आधी शेतकऱ्याचं बघू. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे ४० झाले की एकर. हिंजवडीत एमआयडीसीचं आयटी पार्क आलं आणि आजूबाजूला लोक एकराचा भाव विसरून गुंठ्याचा भाव बोलू लागले. कधी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर तासभर बसून बघा. विक्रीच्या दिवशी बहिणींना सासरहून गाडी पाठवून आणलेलं असतं. सातबाऱ्यावर त्यांची नावं आहेत, म्हणून सही हवी. कुणाला साडीचोळी, कुणाला काही लाख, कुणाला ‘माहेर तुटायला नको’ एवढंच. वाटा मिळवून देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ ला आला, देशभर २००५ ला. पण टेबलावर हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद आला की तो कायदा दाराबाहेर उभा राहतो. वाढलेल्या भावाची पहिली वाटणी घरातच होते आणि ती अशी होते.

मग तो पैसा जातो कुठं? बंगला, गाडी, लग्न, हे सगळे सांगतात. त्यात खोटं नाही, पण मोठा हिस्सा परत जमिनीतच जातो. शहरालगतची शेतजमीन विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर भांडवली नफ्यावरच्या करात सूट मिळते. शिवाय आपल्याकडे शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. सगळीच विकली तर पुढं तो दाखला कुठून आणायचा? म्हणून मुळशीत विकणारा शिरूरला, दौंडला, भोरला जमीन बघतो. तिथला भाव चढतो आणि तिथल्या कष्टकऱ्याला बांधालगतचे दहा गुंठेसुद्धा परवडेनासे होतात. मुळशीतली घरविक्री मुळशीत रोजगार किती वाढवते, हे विचारण्याआधी हा पैसा तालुक्यात राहतो तरी किती, ते विचारलं पाहिजे.

घेणाऱ्याची बाजूही फार सुखाची नाही. ज्याला फ्लॅट परवडत नाही तो गुंठा घेतो. शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकायला मनाई करणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा; २०२५ मध्ये तो सैल झाला, पण तोवर गुंठा स्वतंत्र नावावर होत नव्हता. त्यामुळे एकाच सातबाऱ्यावर दहा-दहा अनोळखी माणसं सामाईक मालक म्हणून नांदतात. बँक कर्ज देत नाही, मोजणीला एकजण हजर नसतो, रस्ता नकाशावर असतो आणि पावसाळ्यात नसतो. ज्याला फ्लॅट परवडतो, त्याच्या मेंटेनन्सच्या बिलात टँकर असतो. याच तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. ते मुळशी धरण शेवटी झालंच, आणि त्याचं पाणी आजही वीज करून कोकणात उतरतं. पूर्वेच्या सोसायट्या टँकर मोजतात.

आता ग्रामपंचायत. दस्त नोंदला की मुद्रांक शुल्काबरोबर जिल्हा परिषदेचा १ टक्का अधिभार वसूल होतो, त्यातला वाटा गावाला मिळतो. विक्री जोरात असते तेव्हा सरपंचाच्या हातात एरवी स्वप्नातही न येणारी रक्कम येते. कमान होते, पेव्हर ब्लॉक होतात. पुढं इमारती भरतात, विक्री मंदावते, आणि कचरा, सांडपाणी, दिवाबत्ती तेवढी उरते. मग गाव महापालिकेत घालायचं ठरतं. २०१७ ला ११ गावं पुण्यात गेली, २०२१ ला आणखी २३. त्यात मुळशीतली सूस, महाळुंगेही आली. पाठोपाठ करवाढीची ओरड सुरू झाली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर पुन्हा बाहेर पडून स्वतःची नगरपरिषद घेऊन बसली. लोकांचं काय चुकलं? कर आधी आला आणि नळ मागून येणार होता.

मगरपट्ट्याचं उदाहरण मी जाणूनबुजून मागं ठेवलं, कारण ते नाव काढलं की सगळ्यांना ते सोपं वाटतं. हडपसरच्या सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. घरं विकून पैसा आला. आयटीच्या इमारती मात्र भाड्यानं दिल्या, म्हणजे मिळकत चालू राहिली. घरातली पोरं तिथंच ठेकेदार झाली. पुढं सिंहगड रस्त्यावर नांदेड गावात सातशे एकरांवर तोच प्रयोग झाला. पण मगरपट्ट्यात बहुतेक मालक एकाच भावकीतले, जमीन सलग, आणि पुढाकार घेणाऱ्यावर विश्वास. ज्या गावात बांधावरून तीन पिढ्या कोर्टात आहेत तिथं हे भाषणानं होणार नाही.

अशा गावांसाठी नगररचना योजना, म्हणजे लोक ज्याला टीपी स्कीम म्हणतात ती, मला जास्त कामाची वाटते. पीएमआरडीएनं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, महाळुंगे-माणला ती हाती घेतली. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा, सुविधा काढायच्या आणि मालकाला निम्म्याच्या आसपास जमीन विकसित भूखंड म्हणून परत द्यायची. यात एजंटाला मोक्याचा तुकडा आधी उचलता येत नाही, रस्ता कागदावर सुटतो, आणि भूखंड विकायचा की भाड्यानं द्यायचा हे कुटुंब ठरवतं. अडचण वेळेची आहे. योजना वर्षानुवर्षं रेंगाळते, तोवर कुणाचं लग्न निघतं, कुणाचं दवाखान्याचं बिल, आणि तो मिळेल त्या भावात गुंठे पाडून विकतो. पीएमआरडीएनं अशा घरांना भावी भूखंडाच्या तारणावर कर्ज मिळवून दिलं, तर निदान गरजेपोटी होणारी विक्री थांबेल. पुण्याभोवतीच्या रिंगरोडलगतच्या गावांच्या ग्रामसभांनी अशा योजनेला संमती देताना ही अट ठरावात घालावी, आणि भूखंडाच्या कागदावर बहिणींची नावं राहतील हीसुद्धा.