क्वारीमेन: चहाची पेटी, वॉशबोर्ड आणि एकुलती एक तबकडी

(पडद्यावर: लिव्हरपूलचा १९५७ च्या सुमाराचा नकाशा. वूल्टन हे उपनगर हळूहळू मोठं होत जातं.)

बीटल्सची गोष्ट सांगताना क्वारीमेनचा विषय बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकला जातो. जॉन लेननचा शाळेतला बँड, त्यात पुढे पॉल मॅकार्टनी आला, मग जॉर्ज हॅरिसन. एवढंच. पण या बँडमध्ये आणखीही मुलं होती. रॉड डेव्हिस, एरिक ग्रिफिथ्स, पीट शॉटन, लेन गॅरी, कॉलिन हँटन. ती का आली आणि वर्षा-दोन वर्षांत एकेक करून का बाहेर पडली, याचं उत्तर स्वभावापेक्षा त्यांच्या हातातल्या वाद्यांत जास्त आहे. म्हणून सुरुवात वाद्यांपासूनच करू.

जानेवारी १९५६ मध्ये लॉनी डॉनेगन या गायकाचं ‘रॉक आयलंड लाइन’ हे गाणं ब्रिटनच्या विक्रीयादीत चढलं आणि स्किफल या साध्या, घरगुती वाद्यांवरच्या संगीताची लाट उसळली. त्याला दोन-तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट, पुरत. एक गिटार सोडली तर बाकीची वाद्यं घरातच सापडत. त्याच वर्षाच्या अखेरीस क्वारी बँक हायस्कूलमधल्या लेनन आणि त्याच्या मित्रांनी बँड काढला आणि शाळेच्या नावावरूनच त्याचं नाव ठेवलं. देशभर अशी हजारो मुलं त्या दिवसांत हेच करत होती.

(दृश्य: रिकामी चहाची पेटी, झाडूचा दांडा, दोरी.)

बासचं, म्हणजे खालच्या जाड सुरांचं, काम करायची चहाची पेटी. लिव्हरपूल हे बंदर. भारतातून आणि सिलोनमधून येणारा चहा प्लायवूडच्या पेट्यांतून उतरे. पेटी साधारण दोन फूट उंच, आतून वर्खाचं अस्तर, कडांना पत्र्याच्या पट्ट्या. पेटी पालथी घालायची, म्हणजे उघडी बाजू जमिनीकडे. तळाच्या मध्यभागी भोक पाडून त्यातून दोरी ओवायची आणि आतल्या बाजूला गाठ मारायची. नुसती गाठ मारली तर प्लायवूड फाटतं आणि दोन-तीन गाण्यांत दोरी सुटून येते. त्यामुळे गाठीखाली वॉशर किंवा लाकडाचा तुकडा हवाच. दोरीचं दुसरं टोक झाडूच्या दांड्याच्या वरच्या टोकाला बांधायचं आणि दांड्याचा खालचा भाग पेटीच्या कडेवर टेकवायचा.

वाजवताना एका हाताने दांडा मागे ओढायचा, दुसऱ्याने दोरी छेडायची. दांडा जितका मागे, तितकी दोरी ताणलेली आणि सूर चढा. पडदे नाहीत, खुणा नाहीत, त्यामुळे सूर नेमका लागणं हे कानावर आणि नशिबावर. शिवाय दोरी सैल पडत जाते. एका गाण्यात जमलेला कोन पुढच्या गाण्यात चालत नाही. अनेक वादक पेटीची एक कड पायाने किंचित उचलून धरत. पेटी जमिनीवर घट्ट बसली की आवाज आतच कोंडतो. म्हणूनच स्किफलमध्ये या पेटीकडून सुरापेक्षा ठोक्याची अपेक्षा जास्त असे. क्वारीमेनमध्ये हे काम आधी बऱ्याच जणांनी आळीपाळीने केलं आणि मग ते लेन गॅरीकडे स्थिरावलं.

पीट शॉटनकडे वॉशबोर्ड होता. कपडे घासायची पन्हाळी पत्र्याची फळी, बोटांत शिवणकामाची अंगुस्तानं. खाली-वर घासलं की तालाची बारीक खरखर मिळते. अंगुस्तानाशिवाय वाजवलं तर नखं जातात आणि आवाजही मंद येतो. रॉड डेव्हिसकडे बँजो, म्हणजे गोल पोटाचं, गिटारसारखं तारवाद्य. कॉलिन हँटन क्वारी बँकचा विद्यार्थी नव्हता. तो सोफा-खुर्च्यांचं काम शिकत होता आणि हातात पगार असल्यामुळे त्याने हप्त्यांवर ड्रम घेतले होते. शाळकरी मुलांच्या बँडमध्ये खरे ड्रम असणं ही चैनच होती.

(दृश्य: गिटारच्या मानेवर हात. सहापैकी चारच तारा वाजत आहेत.)

लेननची गिटार म्हणजे गॅलोटोन चॅम्पियन. दक्षिण आफ्रिकेत बनलेली, स्वस्तातली. आत चिठ्ठी चिकटवलेली, की ही चिरणार नाही याची हमी. त्याला वाजवायला शिकवलं आई ज्युलियाने, आणि तिला येत होता बँजो. त्यामुळे तो गिटारवर बँजोचे कॉर्ड धरत असे. हे कसं चालतं ते पाहा. पाच तारी बँजोच्या नेहमीच्या जुळणीत चार मुख्य तारा डी, जी, बी, डी या स्वरांत लागतात. गिटारच्या बारीक चार तारा डी, जी, बी, ई. म्हणजे सगळ्यात बारीक तार ई वरून एक स्वर खाली, डी वर आणली की दोन्ही जुळतात आणि बँजोची बोटं जशीच्या तशी बसतात. जाड दोन तारा मात्र बिनकामाच्या राहतात. त्या चुकून लागल्या तर कॉर्ड बिघडतो, आणि टाळल्या तर गिटारचा भारदस्त खर्ज हरवतो. स्किफलला हे खपतं. रॉक अँड रोलला खपत नाही, कारण तिथे गाण्याला पुढे रेटणारी चालच जाड तारांवर वाजते.

(दृश्य: सेंट पीटर्स चर्च, वूल्टन.)

शनिवार, ६ जुलै १९५७. वूल्टनच्या सेंट पीटर्स चर्चची वार्षिक जत्रा. क्वारीमेन आधी मिरवणुकीत लॉरीच्या उघड्या पाठीवर वाजवत गेले, दुपारी चर्चमागच्या मैदानातल्या मंचावर वाजवलं आणि संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या हॉलमध्ये नाचाच्या कार्यक्रमात. दोन्हीच्या मधल्या वेळात आयव्हन व्हॉन या मित्राने १५ वर्षांच्या पॉल मॅकार्टनीला लेननशी भेटवलं. पॉलने गिटार सुरात लावून दाखवली आणि एडी कॉक्रनचं गाणं शब्द न चुकता म्हटलं. लेनन गाण्यांचे शब्द अर्धे विसरून मनाने भरत असे, त्यामुळे त्याच्यावर या गोष्टीचा परिणाम झाला. पण आमच्या मते त्या दिवशीचं मोठं काम सुरात लावलेल्या सहा तारांचं. त्यानंतर बँजोची जुळणी मागे पडत गेली.

या दिवसाबद्दल सगळ्यांच्या आठवणी पुष्कळ आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात. सुदैवाने दोन वस्तू उरल्या. एक, जेफ राइंड या शाळकरी मुलाने मैदानातल्या मंचाचा काढलेला फोटो: मधे चौकड्यांच्या शर्टात लेनन, समोर माईक. त्यात वाद्यं मोजता येतात. दुसरी, बॉब मॉलिनो याने संध्याकाळी हॉलमध्ये ग्रुंडिग टेप यंत्रावर केलेलं ध्वनिमुद्रण. ती टेप त्याने जपून ठेवली. १९९४ मध्ये सदबीजच्या लिलावात ईएमआय या बीटल्सच्या रेकॉर्ड कंपनीने ७८,५०० पौंड मोजून ती घेतली. तरीही ती बीटल्सच्या ‘अँथॉलॉजी’ संग्रहात आली नाही, कारण आवाजाचा दर्जा प्रकाशित करण्यासारखा नव्हता. याचं नवल वाटायला नको. उंच छताचा हॉल, घरगुती माईक आणि मंचापासूनचं अंतर एकत्र आलं की गाण्यापेक्षा भिंतींवरून परतणारा आवाजच टेपवर जास्त उमटतो. प्रतिध्वनी एकदा आत गेला की तो नंतर पुरता गाळता येत नाही.

आता मुलं बाहेर कशी पडली ते. ७ ऑगस्ट १९५७ ला बँड लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये वाजवायला गेला. क्लब जॅझचा, स्किफल चाले, रॉक अँड रोल नाही. लेननने तेच सुरू केलं तेव्हा मालकाने चिठ्ठी पाठवली, की हे रॉक बंद करा. ही चिठ्ठी बँडच्या आतल्या ओढाताणीचीही होती. रॉक वाजवायचं तर बँजो कशाला? डेव्हिस गेला. वॉशबोर्डही संपला: एका समारंभात लेननने तो शॉटनच्या डोक्यावर आपटून तोडला आणि शॉटनने सुटकेचा निःश्वास टाकला, कारण त्याला मुळातच वाजवण्यात रस नव्हता. चहाची पेटी मागे पडली आणि १९५८ मध्ये गॅरी मेंदुज्वराने महिनोन्‌महिने रुग्णालयात राहिला. जॉर्ज हॅरिसन आल्यावर लेनन, मॅकार्टनी आणि ग्रिफिथ्स धरून चार गिटारी झाल्या. ग्रिफिथ्सला सांगण्यात आलं की इलेक्ट्रिक बास घे आणि सोबत ॲम्प्लिफायरही. तेवढा खर्च झेपण्यासारखा नव्हता. तो मर्चंट नेव्हीत गेला. पेटी फुकट मिळत होती, बास गिटार नाही. या दोन वाद्यांमधल्या किमतीच्या फरकाने एक मित्र गळाला.

(दृश्य: लिव्हरपूल, ३८ केन्सिंग्टन. साधं रांगेतलं घर.)

जुलै १९५८. पर्सी फिलिप्स यांनी आपल्या घरात, दुकानाच्या मागच्या खोलीत स्टुडिओ थाटला होता. व्हॉर्टेक्सियन टेप यंत्र, एमएसएसचं तबकडी कापायचं यंत्र, चार मार्गांचा मिक्सर. रस्त्याचा आवाज अडवायला जाड घोंगड्या. दर १७ शिलिंग ६ पेन्स (तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग). पाच जण होते, म्हणजे प्रत्येकी बरोब्बर साडेतीन शिलिंग. लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन, ड्रमवर हँटन आणि पियानोवर मॅकार्टनीचा वर्गमित्र जॉन डफ लो. नीट ऐका: या रांगेत बास नाही. पेटी गेली, तिची जागा भरलीच नाही, आणि ती पोकळी तबकडीवर ऐकू येते.

हँटनच्या आठवणीनुसार फिलिप्सना ड्रम फार मोठे वाटले, तेव्हा स्नेअर या चपट्या, कडक आवाजाच्या ड्रमवर कापड टाकावं लागलं. यात तांत्रिक शहाणपण होतं. सगळे एकाच माईकसमोर असतील तर ड्रम गळ्याला झाकतो आणि नंतर दुरुस्तीची सोय नसते. शिवाय मोठा आवाज म्हणजे खाचेची रुंद वळणं. ती शेजारच्या खाचेत घुसली की सुई उडते.

तबकडी १० इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची. एका बाजूला आरामात तीन मिनिटं मावतात. एका बाजूला बडी हॉलीच्या बँडचं ‘दॅट’ल बी द डे’, दुसऱ्या बाजूला ‘इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर’, ज्यावर मॅकार्टनी आणि हॅरिसन अशी दोन नावं आहेत. हे दुसरं गाणं जवळजवळ साडेतीन मिनिटांचं. कापणारी सुई मधल्या लेबलकडे सरकत चालली आणि फिलिप्स आवरतं घ्या म्हणून खुणा करू लागले. यात नुसती जागेची अडचण नव्हती. बाहेरच्या कडेला, समजा २४ सेंटीमीटर व्यासावर, खाच सुईखालून सेकंदाला ९८ सेंटीमीटर धावते. आत १० सेंटीमीटर व्यासावर फक्त ४१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत बसवावा लागतो आणि सगळ्यात आधी वरच्या पट्टीतली स्पष्टता जाते.

तयार झाली एकच प्रत. ती आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी राहिली. या प्रकारच्या तबकडीला लोक ॲसिटेट म्हणत, पण लेप असतो नायट्रोसेल्युलोज लॅकरचा, खाली बहुतेकदा ॲल्युमिनियम. दुकानातल्या तबकडीपेक्षा हा लेप खूप मऊ. तेव्हाच्या घरगुती ग्रामोफोनचं जड डोकं प्रत्येक वेळी खाचेची भिंत थोडी खरवडून नेई; तारुण्यातल्या उत्साहात ती वाजवली गेली त्याची किंमत तबकडीने मोजली. फिरत फिरत ती शेवटी डफ लोकडे थांबली आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिली. १९८१ मध्ये ती विकायचं त्याने ठरवलं, तेव्हा लिलावाआधीच मॅकार्टनीने ती विकत घेतली.

अशा तबकडीतून आवाज काढताना घाई नडते. लेपातलं तेल बाहेर येऊन पांढरी भुकटी जमते. ती अल्कोहोलने पुसली की लॅकरच विरघळतं. लेप आकसून ॲल्युमिनियमपासून सुटत असेल तर पहिली फेरी हीच शेवटची असू शकते, म्हणून आधी ध्वनिमुद्रक चालू, मग सुई खाली. सुई वेगवेगळ्या जाडीच्या लावून पाहायच्या, कारण झिजलेल्या खाचेचा एखादा पट्टा, वरचा किंवा खालचा, जुन्या सुयांनी स्पर्श न केलेला उरलेला असतो. जी सुई तिथे टेकते ती सर्वात स्वच्छ आवाज देते.

१९९५ च्या ‘अँथॉलॉजी १’ वर दोन्ही गाणी प्रसिद्ध झाली. दुसरं गाणं कापून २ मिनिटं ४४ सेकंदांवर आणलेलं आहे, त्यामुळे फिलिप्सना ज्या लांबीने घाम फोडला ती तिथे मिळत नाही. पण बास नसणं मिळतं, आणि कापडाखालचा ड्रम मिळतो.

(दृश्य: वूल्टनचं चर्च, १९९७.)

जत्रेला ४० वर्षं झाली तेव्हा डेव्हिस, गॅरी, ग्रिफिथ्स, हँटन आणि शॉटन पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. डेव्हिसच्या हातात या वेळी गिटार होती. गॅरीनेही पेटी सोडून गिटार घेतली आणि गायला. हँटन पुन्हा ड्रमवर बसला. त्यानंतर त्यांनी हे थांबवलं नाही. देशोदेशी कार्यक्रम केले आणि १९५७ चीच गाणी वाजवली, त्याच दोन-तीन कॉर्डांत.