जादूचा नियम डीएमच्या खिशात

मंडळी, तक्रार जुनीच आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळात जादू पावलोपावली सापडते, पण जादूसारखी वाटत नाही. खेळाडू डिटेक्ट मॅजिक हा जादू ओळखणारा मंत्र टाकतो, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) सांगतो, 'अंगठी जादूची आहे, एन्चँटमेंट प्रकारची.' 2014 च्या नियमांप्रमाणे अंगठी हातात धरून तासाभराची शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, घेतली की तिचे गुणही कळतात. संपलं कुतूहल.

यावर पुष्कळ डीएम एक सोपा उपाय करतात. काहीही घडवतात. आज मंत्र म्हटला की आग, उद्या त्याच मंत्राने बेडूक. थोडे दिवस मजा येते, मग खेळाडू डोकं चालवणंच सोडतात, कारण चालवून हाती काही लागत नाही. दौलताबाद किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता, अंधारी, आठवा. शत्रू आत शिरला की चाचपडायचा, पण ज्यांनी ती खोदली त्यांना एकेक वळण पाठ होतं. जादू तशी पाहिजे. नियम पक्का, फक्त समोरच्याला न दिसणारा.

खेळाडूंच्या स्वतःच्या स्पेलना, म्हणजे मंत्रांना, हात लावू नका. फायरबॉल हा आगीचा मंत्र 20 फुटांच्या त्रिज्येत 8 डी 6, म्हणजे सहा बाजूंच्या आठ फाशांच्या बेरजेइतकी इजा, देतो, देऊ द्या. ते त्यांनी लेव्हल चढून कमावलंय. गूढ राखायचं ते जगातल्या जुन्या जादूत.

त्यासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन ओळी लिहा: नियम, किंमत, पळवाट. उदाहरणाला बारव घेऊ. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची गोल फिरत उतरणारी बारव ज्यांनी पाहिलीय, त्यांना जागा लगेच दिसेल. नियम: या पाण्याजवळ ज्याचं नाव उच्चारलं जाईल, ते नाव पाणी ठेवून घेतं. किंमत: त्या माणसाचं नाव लोकांच्या तोंडून जातं, आधी शेजारी विसरतात, शेवटी आई. पळवाट: दगडात कोरलेलं नाव पाण्याला घेता येत नाही.

कागद खिशातच राहील. खेळाडूंना दिसतील त्या खुणा, आणि प्रत्येक ओळीमागे निदान तीन ठेवा. एक त्यांच्या नजरेतून सुटते, दुसरीचा भलताच अर्थ निघतो, तिसरी कामी येते. नियमाच्या खुणा अशा: बाया घागरी भरताना नुसत्या हाताने खुणावतात. पोरांना तिथे 'ए बारक्या', 'ए थोरल्या' अशाच हाका. रात्री तळातून नावं ऐकू येतात, आणि गावात त्या नावांचं कुणीच नाही. किमतीसाठी एखाद्या घरात रोज एक ताट जास्तीचं वाढलेलं दाखवा. कोणासाठी, ते घरच्यांनाही सांगता येत नाही. पळवाटेसाठी पायऱ्यांच्या कडेला कोरलेली नावं, त्यातलं एखादं अर्धवट. दगडावरचा हा कोरीव मजकूर खरोखरच मोडीत लिहून कागद हातात द्या, मात्र चार-पाच शब्दांपुरताच. जास्त झाला की सेशन, म्हणजे त्या दिवसाचा खेळ, तिथेच अडतं.

किमतीची निदान एक खूण किंमत वसूल होण्याआधी समोर आलीच पाहिजे, नाहीतर ती फसवणूक वाटते. आणि वसुली सांगून करू नका. ज्या कॅरेक्टरचं नाव पाण्यापाशी घेतलं गेलं, त्याचं नाव त्या क्षणापासून तुम्ही उच्चारणं बंद करा. 'तू', 'तो तलवारवाला', एवढंच. टेबलावर कोणाच्या तरी ध्यानात येईल, तेव्हा अंगावर काटा येईल.

आता डिटेक्ट मॅजिक. बंदी घालू नका, नियम नीट वाचा. पल्ला 30 फूट, मुदत 10 मिनिटं, आणि फूटभर दगड त्याला अडवतो. म्हणजे बारवेच्या जाड चिरेबंदी भिंतीपलीकडून काही कळत नाही, पाण्यासमोर उतरावंच लागतं. तिथे खरं तेच सांगा: 'पाण्याभोवती ऑरा, जादूचं तेज, आहे. आत्ता तू मित्राला हाक मारलीस ना, तशी ती किंचित वाढली.' आर्केना चेक, म्हणजे जादूच्या ज्ञानाची फाशावरची परीक्षा, जमला तर वापरता येईल अशी एक खरी गोष्ट द्या. फसला तर खोटं सांगू नका, वेळ खर्च करा. डीएम एकदा खोटं बोलला की पुढे फाशाला अर्थ राहत नाही.

नाव किती वेगाने जातं, हे फाशावर सोडायचं असेल तर डी 20, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाळा. त्यात प्रत्येक आकडा सारख्याच वेळा येतो, म्हणून सगळंच सारखं विचित्र वाटतं. दोन डी 6 घ्या. 7 येण्याची शक्यता 36 मध्ये 6, आणि 2 किंवा 12 येण्याची प्रत्येकी 36 मध्ये 1. 7 च्या आसपास 'दोन दिवसांत शेजारी विसरतात' ठेवा, 12 ला 'आरशातला चेहराही अनोळखी'. नेहमीचं काय ते कळलं, तरच वेगळं घडलेलं टोचतं.

जाता जाता एक सांगतो. साती आसरा किंवा म्हसोबा जसेच्या तसे उचलू नका. टेबलावरच्या कोणाच्या तरी घरून त्यांना नैवेद्य जातो. भानामती तर नकोच. आपल्याकडे त्या नावाखाली जिवंत बायकांवर आळ आलेत, आणि जादूटोण्याविरुद्ध 2013 साली राज्याला कायदा करावा लागलाय.

खेळाडूंनी नियम ओळखला की तो बदलायचा नाही. ते वैऱ्याचं नाव मुद्दाम पाण्यावर जाऊन घेतील, घेऊ द्या. वैऱ्याने आपलं नाव कुठे कोरून ठेवलंय का, एवढं मात्र सेशनच्या आधी कागदावर लिहिलेलं असू द्या.