दोन थापा

श्रोतेहो, नमस्कार.

वणीच्या गडावर आपण नाशिककर लहानपणापासून जातो. याच सप्तशृंगी गडाशी मल्लखांबाची एक कथा जोडलेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात अली आणि गुलाब हे निजामाकडचे पैलवान आव्हान घेऊन आले. ते उचललं कोवळ्या वयाच्या बाळंभट्टदादा देवधरांनी. तयारीसाठी ते गडावर राहिले, तिथे मारुतीरायानं त्यांना मल्लखांबाची विद्या दिली आणि पुढे त्यांनी अलीला चीत केलं, असं सांगतात. मला त्या कुस्तीपेक्षा खांबाचंच मोल जास्त वाटतं. खांबाला अढी घाला, हवं तेवढं आवळा, त्याला दुखत नाही. जोडीदाराला दुखतं.

मी मुलांना ज्युदो शिकवतो. यात हार कबूल करायची रीत साधी आहे. हाताला कुलूप बसलं, म्हणजे हात पकडीत अडकला, की मोकळ्या हातानं दोन थापा मारायच्या. थाप कळली की त्याच क्षणी पकड सोडायची.

सतरा वर्षांचा असताना सरावात माझ्याकडून ती पकड सुटायला उशीर झाला. झाला कसला, मीच केला. बघायला चारजण उभे होते, आणि जिंकल्याचा तो क्षण मला लांबवायचा होता. जोडीदाराच्या कोपरातून बारीकसा 'कट्' आवाज आला. तो ओरडला नाही. उठला, दुसऱ्या हातानं पट्टा सारखा केला, मला वाकून नमस्कार केला आणि बाजूला जाऊन बसला. दोन महिने त्याला सायकलचं हँडल धरता येईना. मी त्याला डबलसीट अशोकस्तंभापर्यंत सोडायचो. वाटेत त्यानं तो विषय एकदाही काढला नाही. त्याचं ते गप्प बसणं मला आजही आठवतं.

पालक विचारतात, "सर, ब्लॅक बेल्ट किती दिवसांत?" त्यांची घाई मला समजते. पण आमच्याकडे आधी पडायला शिकवतात, हात मॅटवर आपटून, हनुवटी छातीशी घेऊन. जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोत ज्युदो सुरू केला. दोघांचं मिळून भलं व्हावं, हा त्यांचा विचार. मी मुलांना तो आपल्या भाषेत सांगतो: जोडीदार रोज आपलं अंग तुम्हाला उसनं देतो. शेजारून आणलेलं पातेलं आई घासूनपुसून परत देते ना? तसं.

गेल्या रविवारी नऊ वर्षांच्या एका मुलीनं मैत्रिणीला खाली धरलं होतं. मैत्रिणीची थाप इतकी हलकी, की मला ऐकूही आली नाही. हिनं मात्र तत्क्षणी हात सोडला आणि विचारलं, "लागलं का गं?" मग तिचा विसकटलेला पट्टा बांधून दिला.

पुढच्या महिन्यात नवी मुलं येतील. त्यांना पडायला शिकवताना माझ्याबरोबर तीच उभी राहणार आहे.