काटा मुळाशी उभा राहतो

नमस्कार श्रोतेहो. आज केसांविषयी बोलायचं आहे. पंक, म्हणजे त्या नावाच्या बंडखोर रॉक संगीताने वेडावलेल्या मुलामुलींच्या डोक्यावर टोकदार, ताठ काटे दिसतात ना, ते घरच्या घरी कसे उभे करायचे, त्याविषयी. पार्लरचं काम नाही. हे काटे मुळात पार्लरमध्ये जन्मलेच नाहीत. ते जन्मले भाड्याच्या खोल्यांमध्ये, भिंतीवरच्या आरशासमोर, मित्रमैत्रिणींच्या हातून.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेल नावाचा गायक वेडेवाकडे कापलेले, ताठ उभे केस आणि फाटका शर्ट अशा अवतारात गायचा. माल्कम मॅक्लारेन या इंग्रज माणसाने त्याला तिथे पाहिलं आणि ती सगळी ढब मनात भरून तो लंडनला परतला. तिथे किंग्ज रोडवर ४३० क्रमांकात त्याचं आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचं कपड्यांचं दुकान होतं. १९७६-७७ मध्ये लंडनची तरुण पोरं त्या वेशात दिसू लागली. तेव्हाचे केस बहुतेक आखूडच. वीतभर लांब काटे आणि मोहॉक, म्हणजे दोन्ही बाजू भादरून मधोमध उभा ठेवलेला केसांचा तुरा, यांचं पेव फुटलं ते १९८० नंतर. 'द एक्सप्लॉइटेड' या बँडचा गायक वॉटी बुकन त्याच्या लाल मोहॉकसह आजही अनेकांना आठवत असेल. डोक्याभोवती लांब काटे उभे केले की त्यांना लिबर्टी स्पाईक्स म्हणतात, न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या मुकुटावरच्या सात काट्यांवरून.

या पोरांच्या खिशात पैसे नसायचे. मग साबण, साखरेचं दाट पाणी, जिलेटिन, अंड्यातला पांढरा भाग, घरात जे चिकट सापडेल ते डोक्यावर जायचं. अशी मुलं दिसली की काही जण लगेच 'वाया गेलेली' म्हणून मोकळे होतात. मला ते कधीच पटलं नाही. जो मुलगा आरशासमोर दोन तास चिकाटीने उभा राहून एकेक बट घडवतो, त्याला बेफिकीर कसं म्हणायचं? ती चिकाटी गणिताच्या वहीत दिसली असती तर त्याचं कौतुकच झालं असतं.

असो. आजची मुख्य गोष्ट लक्षात ठेवा, मी ती पुन्हा सांगणार आहे: काटा शेंड्याने उभा राहत नाही, मुळाने उभा राहतो.

हे मला माझ्या आईमुळे कळलं. तो किस्सा सांगते.

माझी भाची कॉलेजच्या नाटकात काम करत होती. भूमिका एका पंक बँडमधल्या ड्रम वाजवणाऱ्या मुलीची. दिग्दर्शकाने विग सुचवला होता, पण तिने साफ नकार दिला. मला तिचं म्हणणं पटलं. विग डोक्यावर बसतो, पण नटाबरोबर जगत नाही. मान झटकली की तो अर्धा क्षण मागे राहतो, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते जाणवतं. हौशी नाटकवाल्यांनी विगचा मोह टाळावा असं माझं ठाम मत आहे. पण ते पुन्हा कधीतरी.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी ती आमच्या घरी आली. हातात जेलचा डबा, हेअरस्प्रे आणि मोबाईलवर एक फोटो. नुकतंच न्हाऊन आली होती, केस ओलेच. तिने मूठभर जेल घेतलं, बट वर ओढली, पिळली. उभी राहिली! दुसरी उभी राहिली. तिसरी उभी करेपर्यंत पहिली आडवी. मग आणखी जेल. जितकं जेल जास्त, तितक्या बटा लवकर झोपायच्या. डबा अर्धा संपला आणि मुलगी रडकुंडीला आली.

स्प्रेच्या वासाने आई आतल्या खोलीतून बाहेर आली. तेव्हा तिचं वय सत्तरीच्या पुढे. "काय करायचंय नक्की?" तिने विचारलं. भाचीने फोटो पुढे केला. आईने मोबाईल हात लांब करून धरला, बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता ती नाक मुरडणार. तर ती म्हणाली, "या मुलाचे भांग बघ किती रेखीव आहेत."

श्रोतेहो, आम्ही दोघी इतका वेळ टोकं बघत होतो. आईने डोक्याची कातडी पाहिली. दोन काट्यांच्या मधल्या रेषा पाहिल्या. आयुष्यभर घरातल्या मुलींच्या वेण्या घातलेली बाई ती, तिची नजर आधी भांगावर जाणार.

"जा, हे सगळं धुऊन ये," ती म्हणाली. "नुसता शाम्पू. मऊ करणारं काही लावू नकोस. आणि वाळव. ओले केस कधी उभे राहतात का?"

केस खडखडीत वाळल्यावर आईने शेपटीवाला कंगवा घेतला आणि त्याच्या टोकाने डोक्याचे चौकोन पाडले. एक ओळ झाली की पुढच्या ओळीतला चौकोन मागच्या दोघांच्या मधोमध, म्हणजे डोक्यावर मोकळे पट्टे दिसत नाहीत. प्रत्येक चौकोनाला एक रबर. मग एक बट सोडायची, ताठ वर धरायची आणि मुळाशी कंगवा उलटा फिरवायचा, शेंड्याकडून टाळूकडे.

"आजी, गुंता होतोय!"

"व्हायलाच हवा. आम्ही पफ काढायचो तेव्हा असाच करायचो. बुंधा हलत असेल तर झाड शेंड्याला बांधून उभं राहतं का?"

माझी आई, जिने जन्मात कधी गिटारचा गोंगाट सहन केला नाही, ती तरुणपणी उंच पफ काढायची, आणि तीच युक्ती नातीच्या पंक काट्यांना जशीच्या तशी लागू पडत होती! गुंता झाला की मुळाशी बोटभर उंचीपर्यंतच स्प्रे. क्षणभर थांबायचं. मग ड्रायर. तो मी धरून उभी होते. आई बट चिमटीत ताणून धरायची आणि भाचीला आकडे मोजायला लावायची. मूळ कडक झालं की मगच मधला भाग, आणि सगळ्यात शेवटी शेंडा, थोडंसं जेल लावून बोटांनी पिळलेला. एक काटा पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा तिचा दंडक.

संध्याकाळी नाटकात ती मुलगी ड्रमवर अक्षरशः तुटून पडली. मान झटकत, घामाघूम होत, डोक्यावर दिव्यांचा उजेड. एकही काटा पडला नाही. प्रयोग संपल्यावर लोक आत येऊन विचारत होते, हात लावून बघू का? आई मात्र तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "मागच्या ओळीतला तिसरा जरा डावीकडे झुकलाय."

आता यामागचं कारण, थोडक्यात. केस पाणी पितो, स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत. ओला केस जड आणि लवचीक, म्हणून तो वाकतो. केसातल्या प्रथिनांमधले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. ज्या आकारात केस वाळेल, तो आकार तो धरून ठेवतो. हेअरस्प्रेमधलं द्रव्य दोन केसांच्या मध्ये पातळ, कडक पूल बांधतं, आणि उलट्या कंगव्याने झालेला गुंता त्या पुलांना जागा देतो. हवा दमट असेल तर हेच बंध सैल पडतात. मग काटे आखूड ठेवा. दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंतचे केस सहज ऐकतात. त्याहून लांब हवे असतील तर बुडाचा चौकोन मोठा घ्या. मोहॉकसाठी टेबलावर टॉवेल अंथरून त्यावर डोकं आडवं टेका, केस पंख्यासारखे पसरा आणि एकेक बाजू वाळवा.

आता हे नीट ऐका. हेअरस्प्रे पेट घेतो. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस, मेणबत्ती, उदबत्ती, सिगारेट काही नको. स्प्रे मारल्या मारल्या ड्रायर लावू नका. डोळ्यांवर हात धरा. हे सगळं डब्यावर छापलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरांत की चष्मा लावूनही दिसत नाही. ज्या वस्तूने आग लागू शकते तिच्यावरची सूचना मोठ्या अक्षरांत असलीच पाहिजे, याबाबत मी कोणाचंही ऐकून घेणार नाही. आणि लाकडाचा किंवा चटकन चिकटणारा गोंद डोक्याला लावायचा नाही. कधीच नाही.

पुन्हा सांगते: केस कोरडे, भांग रेखीव, मूळ आधी.

काटे उतरवताना कोरड्या केसांत कंगवा घालू नका, केस तुटतील. आधी भरपूर कंडिशनर चोळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग शेंड्याकडून सुरुवात करून हळूहळू वर सरकत गुंता सोडवा. त्यानंतर शाम्पू. जिलेटिन लावलं असेल तर कोमट पाण्याने ते विरघळतं. अंड्याचा पांढरा भाग लावला असेल तर मात्र गारच पाणी घ्या. गरम पाण्याने अंडं केसांतच शिजतं, आणि त्याचे कण वेचण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

नमस्कार.