शेवटचे दहा फूट

(चिपळूणजवळचं एक गॅरेज. पाऊस नुकताच उघडलाय. दारापर्यंत लाल चिखल उडालेली एक पांढरी गाडी आत येते.)

तक्रार ऐकायला अगदी साधी. वेगात ब्रेक छान लागतो. पण गाडी जवळजवळ थांबलेली असताना, शेवटच्या दहा फुटांत, पेडलखाली घरघर होते. पेडल पायाला उलटं ढकलतं आणि गाडी हवी तिथं न थांबता थोडी पुढे सरकते. मीटरमध्ये एकही दिवा पेटलेला नाही. गाडी बारा वर्षांची, मालक शाळेत शिक्षक. एका ठिकाणी त्यांनी ब्रेक पॅड बदलून घेतले, दुसरीकडे डिस्क घासून घेतल्या. पैसे गेले, घरघर राहिली.

"सर, रस्ता कोरडा असला तरी होतं?"

"कोरडा असला तरी. काल शाळेच्या फाटकापाशी झालं. समोर पोरं होती हो."

मिस्त्री पाना उचलत नाहीत, स्कॅनर उचलतात, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र.

(गाडी मोकळ्या रस्त्यावर. स्कॅनरच्या पडद्यावर चार आकडे.)

हे चार आकडे म्हणजे चार चाकांचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये. प्रत्येक चाकापाशी बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर बसवलेला असतो आणि चाक किती वेगानं फिरतंय हे तो एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, कॉम्प्युटरला सतत कळवत असतो. आता बघा. चारही चाकं १४ वर. सर हळूच ब्रेक दाबतात. १२. १०. ९. आणि डाव्या पुढच्या चाकाचा आकडा एकदम शून्य. बाकी तिघांचे अजून ८ आहेत. त्याच क्षणी पेडलखाली घरघर सुरू.

कॉम्प्युटरला काय दिसलं? तीन चाकं फिरतायत, एक थांबलंय. म्हणजे ते चाक जाम झालं, रस्त्यावर घसरतंय. जाम झालेलं चाक मोकळं करायचं हेच तर त्याचं काम. त्यानं त्या चाकाचा ब्रेक सोडला, परत लावला, परत सोडला. चाक मात्र फिरतच होतं. ते फिरतंय हे सांगणारा मध्येच गप्प झाला होता, इतकंच. ब्रेकमध्ये खोट नव्हती, म्हणून पॅड बदलून काही फरक पडला नाही.

१९७८ साली बॉशनं बनवलेली इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली, तेव्हा ती चैनीची गोष्ट होती. आपल्याकडे एप्रिल २०१९पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ती सक्तीची आहे. म्हणजे हे सेन्सर आता गावोगावच्या गाड्यांत आहेत, चिखलात आणि खाऱ्या हवेत. त्यांच्याकडे बघण्याची सवय मात्र अजून फार थोड्या गॅरेजांना लागलीये, आणि मला याचीच काळजी वाटते.

(गाडी गॅरेजमध्ये. मागच्या चाकांना दगड. जॅक, मग स्टँड.)

चाकाचे नट जमिनीवरच सैल केले. जॅकनं गाडी उचलली, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर इथं कुणी हात आत घालत नाही. खाली स्टँड लागला, गाडी हलवून पाहिली, मगच चाक काढलं. इग्निशन बंद, तोंडाला मास्क. ब्रेकची धूळ हवेनं उडवायची नाही. ती ब्रेक क्लीनर मारून ओलीच पुसून घ्यायची.

डिस्कच्या मागे, नकलमध्ये (चाकाचा हब ज्यात बसतो तो लोखंडी भाग), दहाचा पाना लागणाऱ्या एका बोल्टवर सेन्सर बसलाय. वायर स्ट्रटच्या, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरच्या, कडेनं वर जाते. मिस्त्री आधी ती वायर बोटांनी चाचपतात, कपलरपर्यंत, म्हणजे वायरीच्या जोडापर्यंत. कुठं घासलीये का, उंदरानं कुरतडलीये का, क्लिप सुटून टायरला लागतेय का. मग कपलर उघडून बघतात. पितळेवर हिरवट थर चढला असेल तर आजार तिथंच सापडतो. इथं दोन्ही ठीक आहेत.

बोल्ट निघाला, सेन्सर नाही. बारा पावसाळ्यांच्या गंजानं तो धरून ठेवलाय.

"दादा, हळूच ठोकू का?" पोरगा विचारतो.

"नको रे. प्लास्टिक आहे, फुटेल. अर्धा तास जाऊ दे."

डिस्कवर फडकं टाकून गंज सोडवणारा स्प्रे मारला. तेलाचा थेंब डिस्कवर किंवा पॅडवर गेला तर सेन्सर सुधारेल आणि ब्रेक जाईल, म्हणून ते फडकं. अर्ध्या तासानं सेन्सर किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे फिरवत, वायरला ओढ न देता बाहेर घेतला.

(सेन्सर तळहातावर. अगदी जवळून.)

टोकावर ही काळी मिशी दिसते ना? तो लोखंडाचा चुरा आहे. या जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये लोहचुंबक असतं आणि त्याच्याभोवती तारेची गुंडाळी. समोरून ड्राइव्ह शाफ्टवरची, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावरची, दात्यांची रिंग फिरते. दाता आला, गेला, की गुंडाळीत विजेची एक लहर उठते. रिंगला ४८ दाते धरले, तर ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला चारशेच्या वर लहरी होतात. वेग कमी झाला की लहरी कमी होतात आणि दुबळ्याही होतात. म्हणून दुखणं फक्त शेवटच्या दहा फुटांत दिसतं.

पण मुख्य चोर हा चुरा नाही. टॉर्च आत मारल्यावर तो दिसतो. सेन्सर जिथं टेकतो त्या लोखंडावर गंजाचे पापुद्रे चढलेत. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यानं सेन्सरला केसाकेसानं वर उचललं. टोक आणि दाता यांच्यात अंतर असतं जेमतेम एक मिलिमीटर. तिथं अर्धा मिलिमीटर वाढला तरी हळू चालीतली दुबळी लहर कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही.

टोक मऊ फडक्यानं पुसलं. बसण्याची जागा पॉलिश पेपरनं घासली, चकचकीत धातू दिसेपर्यंत; भोकही आतून साफ केलं. नायलॉनच्या ब्रशनं रिंग साफ करत हब हातानं सावकाश फिरवला आणि एकेक दाता बघितला. घाई करण्याची ही जागा नाही. रिंगला चीर असेल तर कितीही साफ करा, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका चुकणारच. मग रिंगच बदलावी लागते.

मल्टिमीटर लावला. डावा सेन्सर आणि उजवा सेन्सर, दोघांचा रोध (विजेला होणारा अडथळा) जवळजवळ सारखा, एक किलोओहमच्या वर. वायर हलवली तरी आकडा स्थिर. सेन्सर चांगला आहे, नवा घ्यायची गरज नाही.

हे ओहमचं मोजमाप जुन्या प्रकारापुरतंच. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत सेन्सर चिपचा असतो आणि दात्यांच्या जागी बेअरिंगच्या सीलवर काळी चुंबकी पट्टी असते. त्या सेन्सरला ओहम मीटर लावू नका, पट्टीजवळ चुंबक नेऊ नका. बेअरिंग बदलताना पट्टीची बाजू उलटी बसली, तर सगळं नवं असूनही सिग्नल येत नाही.

(सेन्सर परत बसतो.)

सेन्सरच्या अंगाला ग्रीसचा पुसट हात, टोकाला नाही. तांब्याची पूड असलेलं ग्रीस इथं चालत नाही. सेन्सर बोटानं पूर्ण टेकला, मगच बोल्ट. बोल्ट ओढून सेन्सर बसवायचा नाही. वायर प्रत्येक क्लिपमध्ये परत गेली. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून वायरला ताण येत नाही हे पाहिलं.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. मीटरमध्ये एबीएसचा पिवळा दिवा लागला तर साधा ब्रेक चालतो, फक्त चाक जाम होण्यापासून वाचवणारं कुणी राहत नाही. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी तिथंच थांबवा. दिवा त्रास देतो म्हणून फ्यूज काढून देणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. तुमच्या गाडीत घरची माणसं बसतात.

(तोच रस्ता. संध्याकाळ. सर गाडी चालवतायत, स्कॅनर मिस्त्रींच्या मांडीवर.)

१४. ब्रेक. ११. ९. ६. पेडल गप्प. ४. ३. आणि चारही आकडे एकदम शून्य.

सर पुन्हा गाडी पुढे घेतात. पुन्हा ब्रेक दाबतात.