महागडं पेट्रोल गाडी साफ करतं का?

श्रोतेहो, नमस्कार.

पंपावर गाडी लावली की दोन-तीन नळ्या समोर दिसतात. एकीवर 91, दुसरीवर 95, कुठे 98 किंवा 100 सुद्धा. आकडा चढला की भावही चढतो. मग मनात येतं, गाडी जिवापाड जपतो आपण, अधूनमधून तिला चांगलं पेट्रोल पाजावं, आतून साफ होईल, पिकअप वाढेल. माझ्या ओळखीत दर महिन्याला एकदा नेमानं महागाची टाकी भरणारी माणसं आहेत. त्यांची गाडीवरची माया खरी आहे, म्हणून त्यांच्याशी आणि तुमच्याशी आज मनापासून बोलायचं आहे. तो आकडा पेट्रोलच्या स्वच्छतेचा नाही. ताकदीचाही नाही.

मग आहे कशाचा? त्याचं नाव ऑक्टेन. मी त्याला पेट्रोलचा दम धरण्याचा आकडा म्हणतो. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ एकत्र येते, पिस्टन वर येऊन ते मिश्रण दहाव्या हिश्शात दाबतो, आणि ठरल्या क्षणी प्लगची ठिणगी पडते. ठिणगीपासून ज्योत पसरत जायला हवी. पण मिश्रण दाबलं की तापतं. ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपणहून पेटलं, तर दाबाची एक लाट धातूवर आदळते. चढावर, गाडी भरलेली असताना, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज कधी ऐकलाय? तेच नॉकिंग. जितका ऑक्टेन आकडा मोठा, तितकं पेट्रोल या दाबात आणि उष्णतेत जास्त दम धरतं. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला 100 आणि हेप्टेनला 0 मानून ही मोजपट्टी 1920च्या दशकात तयार झाली. 95 म्हणजे 95 भाग आयसो-ऑक्टेन आणि 5 भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका दम. एवढाच त्याचा अर्थ.

एक घोटाळा इथेच दूर करतो. अमेरिकेतल्या पंपावर 87 लिहिलेलं दिसतं आणि तिथलं पेट्रोल हलकं आहे असं वाटतं. तसं नाही. तिथे दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी लिहितात, इतर बहुतेक देशांत त्यातल्या एकाच चाचणीचा, म्हणजे आर.ओ.एन.चा (रिसर्च ऑक्टेन नंबरचा), आकडा लिहितात. तिथलं 87 इतरत्रच्या साधारण 91-92 च्या जवळ बसतं. त्यामुळे परक्या देशात गाडी भाड्यानं घेतलीत, तर आकडा कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी पाहा.

आता ज्या इंजिनाला 91 पुरतं, त्याला 98 दिलं तर काय होतं? बहुतेक वेळा काहीच नाही. 98 च्या लिटरमध्ये जास्त ऊर्जा भरलेली नसते. जिथे मुळात कुणी घाई करत नव्हतं, तिथे जास्त दम धरणारा आणून उपयोग काय? उलट ज्या इंजिनात दाब जास्त आहे, टर्बो आहे, आणि कंपनीनं 95 किंवा 98 मागितलंय, तिथे मात्र काटकसर करू नका. हल्लीच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. त्याला नॉकिंगची चाहूल लागली की ठिणगी थोडी उशिरा पाडली जाते. इंजिन वाचतं, पण पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही घसरतं. जुन्या, सेन्सर नसलेल्या गाडीत हा आवाज दिवसेंदिवस चालू राहिला, तर पिस्टनला इजा होते. तेव्हा कुठलं पेट्रोल घालायचं हे पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूच्या चिकटपट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात बघावं. 'चालेल' आणि 'लागेलच' यातला फरक तिथे नीट वाचा. 'चालेल' म्हटलं असेल तर निवड तुमची, 'लागेलच' म्हटलं असेल तर प्रश्नच मिटला.

हा दम वाढवण्यासाठी जगानं फार मोठी किंमत मोजली आहे, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1921 मध्ये थॉमस मिजली या अमेरिकन अभियंत्याला सापडलं की शिशाचं एक संयुग थोडंसं मिसळलं की नॉकिंग थांबतं. स्वस्त उपाय, आणि विषारी. ते शिसं गाड्यांच्या धुरातून हवेत गेलं, मुलांच्या रक्तात उतरलं. गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री थांबली 2021 मध्ये, म्हणजे तब्बल शंभर वर्षांनी.

आता स्वच्छतेकडे येऊ. एका गॅरेजमध्ये मी इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या तोटीची, तपासणी पाहिली होती. इंजिन गरम झाल्याशिवाय थरथरत होतं, मध्येच मिसिंग करत होतं. मेकॅनिकनं चारही इंजेक्टर काढून एका मशीनला ओळीनं लावले, खाली काचेच्या चार उभ्या नळ्या. बटण दाबलं. तिघांतून धुक्यासारखा शंकू सुटला, चौथ्यातून नुसती एक बारीक धार, तीही वाकडी. अर्ध्या मिनिटात तीन नळ्या एका रेषेत भरल्या, चौथी बोटभर मागे. तो इंजेक्टर त्यानं माझ्या हातात दिला. टोकावर तपकिरी रंगाचा, नखानंही न निघणारा थर होता, दुधाच्या करपलेल्या पातेल्याला असतो तसा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर असा इंजेक्टर सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. त्याच्या तोंडाशी कणभर कार्बन धरला तरी हिशेब चुकतो.

हा थर धरतो कधी? गाडी बंद केल्यावर. इंजिन तापलेलं असतं, थंड करणारा पेट्रोलचा प्रवाह थांबलेला असतो, आणि टोकावर राहिलेला थेंब तिथेच भाजला जातो. म्हणून दिवसभर पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजेक्टर लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा लवकर घाण होतात.

यावर उपाय डिटर्जंटचा, म्हणजे असा थर धरू न देणाऱ्या रसायनाचा. चांगल्या पेट्रोलमध्ये तो मिसळलेला असतो, आणि ऑक्टेनशी त्याचा काही संबंध नाही. साध्या 91 मध्येही तो भरपूर असू शकतो. अमेरिकेत 1995 पासून किमान प्रमाण सक्तीचं आहे. ते पुरेसं नाही असं वाटल्यामुळे बी.एम.डब्ल्यू., जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी 2004 मध्ये 'टॉप टिअर' हा अधिक कडक दर्जा ठरवला, आणि तो पाळणाऱ्या कंपनीला आपल्या सगळ्या ग्रेडमध्ये डिटर्जंट घालावा लागतो, फक्त महागड्यात नाही. तिथल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संस्थेनं 2016 मध्ये चाचणी घेतली. 4000 मैलांच्या वापराइतकं इंजिन चालवल्यावर, हा दर्जा नसलेल्या पेट्रोलनं व्हॉल्व्हवर, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या झडपांवर, सरासरी 19 पट जास्त थर धरला होता. काही कंपन्या महागड्या ग्रेडमध्ये जास्त डिटर्जंट घालतात हेही खरं. पण तेव्हा गुण येतो तो डिटर्जंटचा, आकड्याचा नव्हे. म्हणून पंपावर विचारायचं असेल तर पेट्रोलमध्ये डिटर्जंट किती आहे, हे विचारा.

बाटलीतून मिळणाऱ्या क्लीनरबद्दल माझं मत असं: त्यात पॉलिइथर अमाइन, म्हणजे पी.ई.ए., असेल तर त्याचा खरंच उपयोग होतो. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, जवळपास भरलेल्या टाकीत, आणि त्यानंतर लांबचा एक प्रवास. दर टाकीला ओतण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र बाटलीनं होत नाही. थेट सिलिंडरच्या आत पेट्रोल फवारणारी, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं आता खूप आहेत. जुन्या पद्धतीत पेट्रोल व्हॉल्व्हवर पडायचं आणि जाता जाता त्याला धुऊन काढायचं. इथे पेट्रोल व्हॉल्व्हला शिवतच नाही, आणि इंजिनमधल्या ऑइलची वाफ मात्र त्याच्यावर बसत राहते. तिथे कार्बन धरला की इनटेक, म्हणजे हवा आत जाण्याची वाट, उघडून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या झोतानं मारून तो काढावा लागतो. टोयोटासारख्यांनी काही इंजिनांत दोन्ही जागी इंजेक्टर बसवले, त्यामागे हेही एक कारण आहे. तुमची गाडी अशी असेल, तर ऑइल वेळेवर बदलणं हीच निम्मी सफाई.

आता काही सवयी सांगतो. टाकी सतत काट्याच्या तळाशी ठेवू नका. आतला पंप भोवतालच्या पेट्रोलनंच थंड राहतो. टँकर पंपावर खाली होत असेल, तर तळाचा गाळ ढवळलेला असतो, थोडं थांबा किंवा पुढे जा. नळी 'टक्' करून थांबली की तिथेच थांबा. वरून आणखी दाबून भरलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं आणि तो डबा निकामी होतो. गाडी काही महिने उभी राहणार असेल, तर टाकी जवळपास भरून ठेवा आणि पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घाला. अर्धवट टाकीतलं पेट्रोल हवेशी संयोग पावून चिकट होतं. त्याला जुन्या वॉर्निशसारखा वास येऊ लागतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर पाणीही ओढून घेतं, आणि पाणी पुरेसं झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. किती टक्के इथेनॉल तुमच्या गाडीला चालतं, तेही त्याच झाकणाच्या आत लिहिलेलं असतं.

आणि चुकून पेट्रोलच्या गाडीत डिझेल गेलंच, तर चावी फिरवू नका. नुसती फिरवली तरी बऱ्याच गाड्यांत पंप चालू होतो आणि ते डिझेल इंजेक्टरपर्यंत पोचतं. गाडी ढकलत बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करवून घ्या. तास-दोन तास जातील, पण तेवढ्यावर निभावेल.

नमस्कार.