ग्रँट रोडच्या नाटकगृहापासून

श्रोतेहो, नमस्कार. रविवारचे वर्तमानपत्र हाती पडताच अग्रलेख बाजूला ठेवून नाटकांच्या जाहिरातींचे पान आधी उघडणारे वाचक मुंबईत पुष्कळ आहेत. आमचे वडील त्यांपैकीच एक होते. ‘शिवाजी मंदिर, दुपारी ३.३०’ अशा एखाद्या चौकटीभोवती ते पेन्सिलीने गोल काढत आणि तिकीटखिडकी उघडण्याआधीच दादर गाठत. या शहरात वर्तमानपत्र आणि नाटकगृह यांचा शेजार फार जुना आहे, आणि आजचे भाषण त्या शेजाराविषयीच आहे.

आरंभ वर्तमानपत्रांचा. फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२ साली सुरू केलेले गुजराती ‘मुंबई समाचार’ आजही निघते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. ते जेमतेम साडेआठ वर्षे चालून १८४० मध्ये बंद पडले, पण पुढच्याच वर्षी, १८४१ मध्ये, भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ निघाला आणि मराठी वाचकाची सोय झाली.

नाटकगृह मात्र प्रथम इंग्रजांचे होते. कोटातले, म्हणजे आजच्या फोर्ट भागातले, जुने थिएटर गेल्यावर जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर ग्रँट रोडला १८४६ साली नवे उभे राहिले. कोटात राहणाऱ्या साहेबलोकांना ते लांब पडू लागले आणि एतद्देशीय प्रेक्षकांना जवळचे वाटू लागले. सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी १८५३ मध्ये याच रंगमंचावर तिकीट लावून खेळ केले आणि त्याच वर्षी पारशी मंडळींनीही येथे नाटक उभे केले. राजाश्रयावर वाढलेल्या नाटकाला येथे पदरचे पैसे मोजणाऱ्या अनोळखी माणसाला बोलावून आणायचे होते. ते काम जाहिरातीवाचून होणारे नव्हते. १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे आली तीही याच वाटेने: वॉटसन हॉटेलातल्या पहिल्या खेळाची जाहिरात वर्तमानपत्रात झळकली आणि आठवड्याभरातच ते खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले.

हा शेजार केवळ जाहिरातीपुरता राहिला नाही, याचे श्रेय मला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांना द्यावेसे वाटते. पुण्यात ‘केसरी’त टिळकांचे सहकारी म्हणून लिहिणाऱ्या खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला. तो सरकारलाही दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. अग्रलेखात जे उघडपणे लिहिता येत नव्हते, ते पौराणिक वेष चढवून बोलता येत होते, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात त्यांच्याच ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी झाला. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी: दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक त्या रात्री एकाच रंगमंचावर उभे राहिले. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव गेले, म्हणून तो प्रयोग पाहिलेल्या माणसांनी त्याच्या आठवणी जन्मभर सांगितल्या. खाडिलकरांनी १९२३ साली मुंबईतच ‘नवाकाळ’ काढले.

तोच वारसा आचार्य अत्र्यांकडे आला. ‘साष्टांग नमस्कार’सारख्या नाटकांनी प्रेक्षकांना हसवणाऱ्या अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी, संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात असताना, ‘मराठा’ सुरू केला. त्यांचे अग्रलेख मोठ्याने वाचून पाहावेत, म्हणजे वाक्य कोठे तोडायचे आणि टाळी कोठे घ्यायची, हे संपादक रंगभूमीवरच शिकून आला होता, हे कानालाच कळते.